तीस सेंटिमीटर खाली

मातीतला कर्ब मोजायला निघालेल्या माणसाला कोकणात सगळ्यात आधी भेटतो तो दगड. पुस्तकातली पद्धत सोपी असते : पोलादी नळी जमिनीवर उभी धरा, वरून घण घाला, तीस सेंटिमीटरचा नमुना अलगद बाहेर काढा. विदर्भातल्या काळ्या रानात, दिवाळीनंतरच्या ओलीत, नळी खरंच अशी जाते. कुडाळ-देवगडकडच्या जांभ्यावर ती चार बोटं आत शिरते आणि ठण्णकन थांबते. जागा बदलली की पुन्हा ठण्ण. तिसऱ्या खेपेला नळीची धार दुमडते आणि घण मारणारा पोरगा शर्टाच्या बाहीनं घाम पुसत म्हणतो, "मॅडम, खालती कातळ आसा, कशाक ठोकतास?"

म्हणून आम्ही इथे खड्डा पद्धत वापरतो. कुदळ आणि खुरप्यानं एक चौकोनी खड्डा तीस सेंटिमीटर खोलीपर्यंत खणायचा. निघालेलं सगळं, माती, दगड, मुळ्या, ताडपत्रीवर ठेवायचं; मूठभरसुद्धा बाजूला उडू द्यायचं नाही. मग खड्ड्याला पातळ प्लास्टिकचं अस्तर लावायचं आणि मोजपात्रानं पाणी ओतत राहायचं. काठोकाठ भरेपर्यंत जेवढं पाणी लागलं, तेवढं त्या मातीचं आकारमान. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, डिसेंबरात पाण्याचा टिपूस नसतो, तेव्हा हे पाणी गावातून कॅन भरून डोक्यावरून न्यावं लागतं. आणि मोजून झालं की ते पुन्हा कॅनमध्ये भरायचं, कारण पुढचा खड्डा बाकी असतो.

हा सगळा खटाटोप वजनासाठी. मातीत कर्ब किती टक्के आहे हे प्रयोगशाळा सांगते. पण टक्का हा निम्माच हिशेब. समजा मातीत ३ टक्के सेंद्रिय कर्ब आहे आणि एक घन सेंटिमीटर मातीचं वजन एक ग्रॅम आहे, तर हेक्टरी वरच्या तीस सेंटिमीटरमध्ये ९० टन कर्ब झाला. पण त्याच जागेचा निम्मा भाग दगडांनी व्यापलेला असेल तर ते ४५ टनच. दगड न मोजता काढलेला आकडा दुप्पट दिसतो. कागदावर असे दुप्पट आकडे मी बरेच पाहिले आहेत, आणि दुप्पट आकडा कुणालाच टोचत नाही.

जगाच्या मातीत पहिल्या मीटरभरात अंदाजे १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपात तरंगणारा कर्ब साधारण ९०० अब्ज टन, आणि सगळ्या झाडाझुडपांत मिळून त्याहून बराच कमी. या दोन्हींची बेरीज केली तरी माती पुढे असते. तरीही जंगलाचा कर्ब म्हटलं की लोक टेप घेऊन झाडाचा छातीइतक्या उंचीवरचा घेर मोजतात आणि चहाला जातात.

मातीतला हा कर्ब मोजायला आम्ही देवराईतही खणतो, आणि तिथे आधी देवाला विचारावं लागतं. सिंधुदुर्गात तिला नुसतं 'राई' म्हणतात. वन खात्याचा कागद, ग्रामपंचायतीचा ठराव हे सगळं असलं तरी मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुदळ जमिनीला लागत नाही, आणि ते मला मनापासून पटतं. एका राईत शिरताना चपला बाहेर काढून आम्ही उभे राहिलो. वयस्क मानकरी काकांनी नारळ हातात धरून देवाला माझी ओळख करून दिली : ही बाय तुझ्या रायतली माती तपासूक न्हेता हा, काय चुकला-माकला तर पदरात घे. मागच्या माणसांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हटलं. संशोधनाची परवानगी इतक्या नेमक्या शब्दांत मला दुसऱ्या कुठल्या कचेरीत मिळालेली नाही.

खणताना काका शेजारी उकिडवे बसले होते. "माती न्हेवन करतलस काय गो?" मी सांगितलं, झाडं हवेतून जो कर्ब घेतात त्यातला किती जमिनीत उरतो ते बघायचं आहे. त्यांनी हातानंच वरचा थर दाखवला. "हयसरलो पातेरो कोण उचलणा नाय." म्हणजे कर्ब पाचोळ्यातून येत असणार, असं त्यांचं म्हणणं. बहुतेकांचं तेच म्हणणं असतं, आणि ते अर्धं खरं आहे. पाचोळ्यातला बराचसा कर्ब दोन-तीन पावसाळ्यांत कुजून पुन्हा हवेत जातो. मुळांतून जमिनीत गेलेला कर्ब त्याहून चिवट निघतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वेगवेगळ्या प्रयोगांची सरासरी काढली, तेव्हा मुळांपासून आलेला कर्ब खोड-पानांपासून आलेल्या कर्बाच्या जवळजवळ अडीचपट काळ मातीत टिकतो असं दिसलं. मूळ मुळातच मातीत असतं, मातीच्या कणांना चिकटून असतं आणि मरतंही तिथेच.

मी काकांना पाचोळ्याचा एक थर उचलून दाखवला. पावसाळ्याच्या शेवटी राईत हे बघण्यासारखं असतं. वरची अंजनी-जांभळीची सुकी पानं अलगद निघतात. त्याखालची काळपट, अर्धी कुजलेली पानं मात्र सुटी येत नाहीत. एक उचललं की चार लोंबकळत येतात, कारण त्यांच्यामधून केसासारख्या बारीक मुळ्या विणत गेलेल्या असतात. भिंग धरलं तर या मुळ्यांवरून पांढुरके धागे निघून पानाच्या शिरांवर पसरलेले दिसतात. यातले काही पान कुजवणाऱ्या बुरशीचे, काही मुळांशी संसार थाटलेल्या बुरशीचे. नुसत्या डोळ्यांनी कोणते कुणाचे हे कुणीही सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

खात्री करायची तर मुळी रंगवावी लागते. हे माझं सगळ्यात आवडतं काम. बारीक मुळ्या धुऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करायच्या, म्हणजे त्यांच्यातला रंग निघून जातो आणि त्या काचेसारख्या होतात. पूर्वी त्यानंतर ट्रिपॅन ब्लू नावाचा रंग वापरत. तो आरोग्याला घातक. १९९८ साली काही संशोधकांनी दाखवून दिलं की साधी फाउंटन पेनची शाई आणि व्हिनेगर यांनी काम तितकंच छान होतं. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत शाईच्या दौती आल्या. आमच्याकडेही खरेदीच्या यादीत 'शाई, काळी' असं लिहिलेलं असतं आणि हिशेबनीस दरवर्षी विचारतात की एवढं लिहिता तरी काय.

रंगवलेली ऐनाची मुळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पेशींच्या ओळी दिसतात, विटांच्या बांधकामासारख्या शिस्तीत. त्यांच्यामधून एक निळा धागा जातो. जाता जाता एखाद्या पेशीत शिरतो आणि आत गेल्यावर फुटत फुटत इतका बारीक होतो की शेवटी नुसतं निळं धुकं उरतं. देवघेव होते ती इथे. बुरशी बाहेरच्या मातीतून आणलेलं फॉस्फरस झाडाच्या हवाली करते आणि झाड तिला साखर देतं, शिवाय स्निग्ध पदार्थ देतं. २०१७ साली एकाच सुमारास अनेक प्रयोगशाळांनी सिद्ध केलं की या जातीच्या बुरशीला स्वतःची मेदाम्लं बनवताच येत नाहीत, ती सर्वस्वी झाडावर अवलंबून आहे. पेशीतलं हे निळं झुडूप काही दिवसच जगतं. मग विरून जातं, आणि मूळ शेजारच्या पेशीत नव्यानं पाहुणचार सुरू करतं.

ही सोयरीक किती जुनी याची कल्पना स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या दगडांवरून येते. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती तिथे गारगोटीत जशाच्या तशा जतन झाल्या आहेत. त्यांना धड मुळं नव्हती, पण बुरशीची हीच रचना त्यांच्या पेशींत आहे. माणसाच्या लक्षात मुळं-बुरशीची सोयरीक यायला १८८५ साल उजाडलं. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे प्रशियाच्या सरकारनं काम दिलं होतं ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड कशी करता येईल हे शोधण्याचं. लागवड काही साधली नाही. पण झाडाची मुळं आणि बुरशी यांचं लग्न त्याला दिसलं आणि 'मायकोरायझा' हे नाव त्यानंच दिलं.

आता कर्बाकडे. झाड प्रकाशसंश्लेषणातून जे कमावतं त्यातला काही हिस्सा, कधी कधी पाचवा हिस्सासुद्धा, बुरशीकडे जातो. बुरशीचे धागे केसाहूनही कितीतरी बारीक असतात आणि चमचाभर मातीत त्यांची लांबी कित्येक मीटर भरते. ते वाढतात, मातीचे कण एकत्र बांधतात, आणि थोड्याच दिवसांत मरतात. मेलेल्या धाग्यांचे अवशेष चिकणमातीच्या आणि लोहाच्या संयुगांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. तिथे जिवाणूंना ते सहजासहजी खाता येत नाहीत.

कोकणच्या तांबड्या मातीत मला इथे गंमत वाटते. ही माती तांबडी आहे ती लोहामुळे. हेच लोह फॉस्फरसला इतकं घट्ट धरून ठेवतं की झाडाच्या मुळांना ते मिळत नाही. म्हणून इथल्या झाडाला बुरशीची गरज जास्त, आणि तिला पोसण्यासाठी साखर जास्त मोजावी लागते. ती साखर खाऊन वाढलेली बुरशी मेली की तिच्या अवशेषांना पकडून ठेवणारंही हेच लोह. झाडाची अडवणूक करणारा आणि कर्ब जपणारा एकच.

मातीत कर्ब किती आहे ते प्रयोगशाळेत रंगानं कळतं. सेंद्रिय कर्ब काढायची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ सालची. जिल्ह्याच्या माती परीक्षण केंद्रापासून विद्यापीठांपर्यंत आजही तीच चालते. मातीत नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेट टाकायचं, वर तीव्र गंधकाम्ल. फ्लास्क हातात धरवत नाही इतका तापतो. अर्धा तास थांबायचं, पाणी घालायचं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहायचं. मळकट रंग जांभळट-निळा होतो, आणि मग एका थेंबासरशी हिरवाकंच. तो थेंब चुकला की पहिल्यापासून सगळं. राईतल्या वरच्या पाच सेंटिमीटरच्या मातीनं मात्र एकदा वेगळाच प्रकार केला. आम्ल घालताच, टायट्रेशनच्या आधीच, फ्लास्क हिरवा झाला. म्हणजे कर्ब इतका होता की टाकलेलं सगळं डायक्रोमेट त्यानं संपवून टाकलं. माती निम्मी घेऊन पुन्हा केलं, तरी तेच. शेवटी चिमूटभर मातीवर भागवलं. शेजारच्या टेबलवर सड्यावरच्या काजूच्या बागेतली माती होती. ती शेवटपर्यंत नारिंगी राहून कंटाळा आणत होती.

या पद्धतीत मातीतला सगळा कर्ब जळत नाही, म्हणून उत्तराला १.३ नं गुणायचं असा प्रघात आहे. महागडं यंत्र असेल तर माती थेट जाळून कर्ब मोजता येतो. पण दख्खनच्या काळ्या मातीत त्याचाही भरवसा धरता येत नाही, कारण तिच्यातली चुनखडीही जळून आकड्यात मिसळते. मातीवर आम्लाचा थेंब टाकून फसफसतं का बघायचं, ही जुनी युक्ती यंत्राच्या आधी करावीच लागते.

मुळं आणि बुरशी यांचा वाटा नेमका किती, हे सगळ्यात नीट शोधलं गेलं ते स्वीडनमध्ये. २००१ साली पेटर हॉगबर्ग आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या जंगलात झाडांच्या सालीचा गोल पट्टा काढून टाकला, म्हणजे पानांतली साखर खाली उतरायची बंद झाली. एक-दोन महिन्यांत जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड निम्म्याहून कमी झाला. याचा अर्थ असा की जमिनीचा अर्धा श्वास हा काल-परवाच पानांत बनलेल्या साखरेवर चालला होता. पुढे २०१३ साली करिना क्लेमेन्सेन यांच्या गटानं तिथल्या सरोवरांमधल्या बेटांवर पाहिलं. मातीत साठलेल्या कर्बातला ५० ते ७० टक्के कर्ब मुळांतून आणि त्यांच्या सोबतच्या बुरशीतून आलेला निघाला, वरून पडलेल्या पानांतून नाही.

हे आकडे वाचून कुणालाही हुरूप येतो. पण ते उचलून सह्याद्रीला चिकटवता येत नाहीत, हे मला प्रत्येक व्याख्यानात सांगावं लागतं. स्वीडनच्या पाइनची बुरशी वेगळ्या गटातली. ती मुळीच्या पेशीत शिरत नाही, बाहेरून मोज्यासारखी वेढते, आणि थंड हवेत तिचे अवशेष हळू कुजतात. आपल्याकडे साल वृक्षाची बुरशी या गटातली. बस्तरमध्ये पहिल्या पावसानंतर साल वनात जमिनीतून उकरून काढलेला बोडा बाजारात चढ्या भावानं विकला जातो, ते तिचंच फळ. उत्तर सह्याद्रीत मात्र ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आंबा, साग हे सगळे पेशीत शिरणाऱ्या बुरशीचे यजमान. (आणि आपल्याकडे वारुळावर उगवणारी अळंबी या दोन्हींतली नाही. तिची सोयरीक वाळवीशी आहे. दर पावसाळ्यात कुणीतरी मला तिचा फोटो पाठवून 'हीच का ती मायकोरायझा' असं विचारतं.)

बाहेरून वेढणाऱ्या बुरशीच्या बाबतीत एक जुनं निरीक्षण आहे, त्याचं नाव वाचून मराठी वाचक थबकेल : गाडगीळ परिणाम. १९७१ साली न्यूझीलंडमध्ये रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ यांनी दाखवलं की पाइनच्या मुळांना आणि त्यांच्या बुरशीला रोखलं की पाचोळा जास्त वेगानं कुजतो. म्हणजे ही बुरशी कुजवणाऱ्या बुरशीच्या तोंडचा घास काढून घेते आणि त्यामुळे पाचोळा टिकतो. हे गाडगीळ म्हणजे आपले माधव गाडगीळ नव्हेत. माधव गाडगीळांचं आणि वा. द. वर्तकांचं या विषयातलं ऋण वेगळं : पश्चिम घाटातल्या देवरायांवर त्यांनी सत्तरच्या दशकात लिहिलं, म्हणून आज आम्हाला तुलनेसाठी अशा राया कुठे आहेत हे ठाऊक आहे.

पेशीत शिरणाऱ्या बुरशीबद्दल उलटही पुरावा आहे. २०१२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका प्रयोगात हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर या बुरशीमुळे मातीतलं सेंद्रिय द्रव्य आणखी वेगानं कुजलं. झाडाला नत्र हवं होतं आणि ते मिळवण्याच्या नादात कर्ब सुटला. म्हणजे बुरशी कर्ब घालते तशी काढतेही. माती कोणती, ओल किती, मुळांना किती धक्का लागतो यावर पारडं झुकतं.

तरी लोकांना गोष्ट हवी असते. जंगलातली झाडं बुरशीच्या तारांतून एकमेकांशी बोलतात, आईझाड पिलांना साखर पाठवतं, ही गोष्ट आता शाळेच्या भिंतींवरही रंगवलेली दिसते. तिचं मूळ सुझान सिमर्ड यांच्या १९९७ सालच्या प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग चांगलाच होता. पण त्यावर पुढे रचलेल्या इमल्यांबद्दल जस्टीन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली स्पष्ट लिहिलं की प्रत्यक्ष जंगलातला पुरावा यातल्या बऱ्याच दाव्यांना पुरत नाही. 'ग्लोमॅलिन'चंही तसंच. १९९६ साली सारा राइट यांनी शोधलेलं बुरशीचं हे चिकट प्रथिन मातीतल्या कर्बाचं रहस्य म्हणून गाजलं. नंतर लक्षात आलं की ज्या पद्धतीनं ते काढतात तिच्यात मातीतलं इतरही बरंच काही निघून येतं.

आणि एक आकडा हल्ली फार फिरतो. झाडं दरवर्षी बुरशीकडे जेवढा कर्ब सोपवतात तो १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडएवढा, म्हणजे जगभरच्या खनिज इंधनाच्या वार्षिक उत्सर्जनाच्या सुमारे ३६ टक्के, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तो अंदाज प्रामाणिक आहे. पण तो बुरशीला दिलेल्या कर्बाचा आहे, मातीत उरलेल्या कर्बाचा नाही. कार्बन क्रेडिटवाला एक तरुण लॅपटॉप उघडून मला हाच आकडा दाखवत होता आणि विचारत होता की एका काजूमागे मातीत किती टन धरू. मी त्याला म्हटलं, माझ्यासोबत खड्डा खणायला ये. तो आला नाही.

खड्डे खणून जे दिसतं ते साधं आहे. एकाच गावात, एकाच कातळावर, राई, मालकी रान, काजूची बाग आणि सडा असे चार तुकडे मिळतात. मालकी रानात ऐन-किंजळ उभे असतात, पण भाताच्या राबासाठी दरवर्षी त्यांच्या फांद्या छाटलेल्या, टाहाळ्या वाफ्यावर नेऊन भाजलेल्या. पानंच नाहीत तर साखर कुठून उतरणार? स्वीडनच्या पाइनचा पट्टा काढला, इथे कोयतीनं तेच काम होतं. या रानातल्या मुळ्यांत बुरशी असते, पण विरळ, आणि माती राईच्या मानानं फिकट. राब भाजू नका असं मात्र मी म्हणणार नाही. पोटापुरतं भात पिकवणाऱ्यानं जागतिक तापमानासाठी रोपं कशी करावीत हे शहरातल्या माणसानं सांगू नये. काही ठिकाणी आळीपाळीनं झाडं सोडतात, तिथे फरक पडतो. वणवा लागलेल्या रानाची गत सगळ्यात वाईट. पाचोळा तर जातोच, त्यात शिरलेल्या वरच्या मुळ्याही जातात.

सडा बघून मात्र वरच्या अधिकाऱ्यांची फसगत होते. झाड नाही म्हणजे पडीक, असं कागद मानतो. कातळावरच्या बोटभर मातीत गवताच्या मुळ्यांची इतकी दाटी असते की खुरपं चालत नाही, आणि त्या मुळ्यांतही हीच बुरशी. राज्यात २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. लक्ष्य आलं की जागा लागते आणि जागा म्हटलं की सडा. दीड-दीड फुटांचे खड्डे मशीननं काढले की मातीची ढेकळं फुटतात, आत जपलेला कर्ब जिवाणूंना उघडा पडतो, आणि रोप पहिल्या एप्रिलात वाळतं. हिशेबात झाड जमा असतं. माती कुणी मोजलेलीच नसते.

सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्या दादांचा दर मोसमात फोन येतो : मायकोरायझाची पावडर ड्रीपमधून सोडू का? चांगल्या प्रतीची असेल, रोप लहान असेल आणि जमीन नापीक झाली असेल तर उपयोग होतो, असं मी सांगते. पण सोबत सुपर फॉस्फेटचा मारा चालू असेल तर झाड बुरशीला दारात उभं करणार नाही. फुकट मिळत असताना साखर मोजून फॉस्फरस कोण घेईल? शिवाय बऱ्याच रानांत बुरशी मुळातच असते. ओल्या मातीतून बारीक चाळणीवर काढलेले तिचे बीजाणू मी त्यांना एकदा दाखवले होते. भिंगाखाली ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात. दादा म्हणाले, "म्हणजे माझ्याच रानातलं मी विकत घेतोय?" कधी कधी, हो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत मी ज्या राया पाहिल्या, त्यांतल्या कित्येकांत जीर्णोद्धार निघाला आहे. कौलारू देऊळ जाऊन स्लॅब येतो, तो येऊ दे. देव गावाचा, देऊळ गावाचं. पण त्यासोबत जेसीबी झाडांच्या मुळांवरून आत येतो, सभामंडपाभोवती पेव्हर ब्लॉक बसतात, आणि उरलेली राई 'स्वच्छ' करण्यासाठी पाचोळा झाडून कोपऱ्यात पेटवतात. एका राईत मी पहिल्या खेपेला माती घेतली होती तिथे दुसऱ्या खेपेला वाहनतळ होता. झाडं सगळी उभी होती, एकही तोडलेलं नव्हतं, गावानं तो शब्द पाळला होता. खालचं मात्र दाबून सिमेंटसारखं झालं होतं. अशा मातीत पाणी मुरत नाही, मुळ्या गुदमरतात, आणि चार-सहा पावसाळ्यांनी वरचा शेंडा वाळायला लागला की लोक म्हणतात देवाचा कोप झाला.

नव्या रोपट्याखाली राईसारखी माती तयार व्हायला कित्येक दशकं लागतात; आहे ती माती जायला एक उन्हाळा पुरतो. म्हणून देवस्थान समित्यांना आणि मुंबई-पुण्याहून देणगी पाठवणाऱ्या चाकरमान्यांना माझी विनंती आहे. पैसे पाठवताना दोन अटी घाला : यंत्र देवळाच्या जोत्यापलीकडे राईत शिरणार नाही, आणि वाटेवरचा सोडून बाकीचा पाचोळा कुणी झाडणार नाही. पेव्हर ब्लॉक हवेच असतील तर पायवाटेपुरते बसवा, तेही सिमेंटशिवाय. आणि काम सुरू व्हायच्या आधी जवळच्या कृषी महाविद्यालयाला सांगून राईतल्या मातीचे नमुने घेऊन ठेवा, म्हणजे पुढे काय गेलं ते निदान सांगता येईल.